राष्ट्राध्यक्ष माफी देऊ शकतो, परंतु

पाथरी,
सप्टेंबर १९७४, बाजाराचा दिवस

आदरणीय आक्काला धाकट्या पंडितचा पाया पडून जयभीम.

पयल्यांदा दोन गोष्टींची माफी मागतो. एक शुद्धलेखनाची. ते शाळेत असतानाच माझ्याकडं नव्हतं, आता शाळा सोडल्यावर येनार कुठून. दुसरी उशिराची. हे पत्र मी बन्सीधर सरांच्या क्लासात मशीनवर टाइप करायलोय, आन माझी स्पीड अशी हाय की वळ सुरू करताना भूक लागली तर वळ संपेपस्तोर जेवनाची येळ निघून जाती. सर दुपारी घरी जेवायला जात्यात आन तिकडंच झोपत्यात, तेवढ्या वक्तात लिहायलोय. क्लासात मशीनी तीन हायेत. एक सरांची, तिला हात लावायचा न्हाई. एक बिघडलेली, तिला हात लावून उपेग न्हाई. तिसरी माझी. ती माझ्यासारखीच हाय, म्हंजे आतून चांगली हाय पन मधीच अडकती. 'ठ' दाबला की त्यो वर जाऊन तिथंच उभा राहतो, त्याला बोटानं धरून खाली बसवावं लागतं.

तुझी तब्बेत कशी हाय? होस्टेलात भाकरी मिळती का नुसता भातच? रात्रीच्या डूटीला भ्याव वाटतं का? इकडं सगळे खुशाल हायेत. माय खुशाल, आत्या खुशाल, शेळी खुशाल, दादा खुशाल हायेत पन तसं म्हनत न्हाईत. कोनीबी मेलेलं न्हाई. हे मी मुद्दाम लिहायलोय, कारन मधी आपल्या गल्लीत मयताची बातमी उठली व्हती आन ती हिंडत हिंडत औरंगाबादला आली आसल तर तुझ्या जिवाला घोर नगं. खरं म्हंजे ती बातमी तुझ्याच मरनाची व्हती. पन ते मागून सांगतो, न्हाईतर घोळ व्हईल.

तू गाडीत बसलीस त्याच्या नंतरचं तुला काहीच माहीत न्हाई. मामा आन तू गेलाव, धुराळा खाली बसला, आन दादा कचेरीचा ड्रेस घालून (सुट्टीचा दिवस असून) दारात उभे राहिले. तहसील कचेरीत शिपाई म्हनून एवढी वर्षं सायबाचे हुकूम या टेबलावरून त्या टेबलावर नेल्यात, त्यांना माहीत हाय हुकूम कसा काढायचा. आमी तिघं वसरीवर बसलो व्हतो. दादा म्हनले, बाप म्हनून मी तिला मास्तरीन व्हय म्हनलो व्हतो, फारम भरला व्हता, शिकायला माझी कधी ना नव्हती, पन ती माझ्या मंजुरीबिगर नर्स व्हायला गेली. म्हनून आजपासून या घरात तिचं नाव निघनार न्हाई. आन कागूद असल्यासारखा हात पुढं केला. आत्यानं बघितलं तर हातात काहीच नव्हतं.

तवापासून तुझं नाव निघालं न्हाई. पन माय लय हुशार. तिनं 'औरंगाबाद' असं म्हनायला सुरवात केली. औरंगाबादला थंडी पडली आसल. औरंगाबादला भरलं वांगं लय आवडायचं. औरंगाबादनं लहानपनी एकदा खडू खाल्ला व्हता. दादांना काहीच बोलता येईना, कारन औरंगाबादवर बंदी नव्हती. आत्याचं वेगळंच. ती शेळीसंगं बोलती, शेळीला सगळं सांगती, आन दादा आंगनात आले की शेळीला म्हनती, जाऊ दे बाई, तुला तरी कोन विचारतंय.

माझं कोनासंगं बोलनं नव्हतंच. माझं बोलनं तूच करायचीस. पाहुन्यानं नाव विचारलं तर मी तुझ्याकडं बघायचो, तू सांगायचीस, पंडित, आठवीतून सोडली, लाजतो. गिरनीत पीठ जाड का बारीक ते तू सांगायचीस. आश्रुबाच्या कटिंगच्या दुकानात तू दारात उभी राहून आतमंदी वरडायचीस, कानावरून बारीक, वरून जरा ठेव, आन मग जायचीस. तू गेल्यावर मला कळलं की मला बोलायची सवयच लागलेली न्हाई. पयल्या महिन्यात गिरनीवाल्यानं विचारलं जाड का बारीक, मी उगं राहिलो, त्यानं जाड केलं, आन आमी महिनाभर जाड भाकरी खाल्ली. माय म्हनली, औरंगाबाद असतं तर बारीक आलं असतं. क्लासातबी बोलायचं काम न्हाई. दिवसभर नुसता खटखट आवाज. वळ संपत आली की मशीनची घंटी वाजती. तेवढंच मला कुनी हाक मारल्यासारखं वाटतं. कधीकधी मी कागूद न लावताच वळ संपवतो.

आता उताऱ्याचं सांगतो, कारन पुढचं सगळं त्याच्यानंच झालं. सरांकडं टायपिंगचे उतारे लय व्हते, शेतीवर, स्वच्छतेवर, एक उंटावर व्हता. ते सगळे वाळवीनं खाल्ले. एकच उतारा राहिला, 'अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे अधिकार व मर्यादा'. वाळवीनं त्यो का सोडला ते सरांनाबी माहीत न्हाई. म्हनून या क्लासातून जेवढे टायपिस्ट झाले त्या सगळ्यांना त्यो उतारा तोंडपाठ हाय, नुसता तोंडपाठ न्हाई, बोटपाठ हाय. मागं कचेरीजवळ बसनाऱ्या एका टायपिस्टानं विहिरीच्या मोटारीसाठी कुनाचा तरी अर्ज टाइप केला, आन बोटं सवयीनं चालत गेली, तर अर्ज असा झाला की, मी खाली सही करणार, राहणार वालूर, सेनादलांचा सर्वोच्च प्रमुख असून माझ्या विहिरीस पाणी आहे. (मोटार मंजूर झाली म्हनं.)

मी त्यो उतारा वर्षभर टाइप केला. आधी नुसती अक्षरं दाबायचो, मग एक दिवस त्याचा अर्थ कळायला लागला. आक्का, त्यो मानूस दिसतो तेवढा मोठा न्हाई. फौज त्याची, पन लढाई पुकारायची तर काँग्रेसनं म्हंजे त्यांच्या सभागृहांनी पुकारायची. पैका खर्चायचा तर त्यांना विचारून. मोठा अधिकारी नेमला तरी वरच्या सभागृहानं हां म्हनावं लागतं. त्यांनी कायदा केला आन ह्याला पसंत पडला न्हाई तर ह्यो न्हाई म्हनू शकतो, त्याला नकाराधिकार म्हनत्यात. पन मग दोन्ही सभागृहांतल्या तीन वाट्यांतल्या दोन वाट्यांनी, म्हंजे दोनतृतीयांशांनी, फिरून हात वर केले तर ह्याचं न्हाई तिथंच मरतं. लय वाईट वागला तर त्याला काढूनबी टाकता येतं. एवढं सगळं झाल्यावर सगळ्यात खालची वळ अशी हाय: 'राष्ट्राध्यक्ष गुन्हेगारास माफी देऊ शकतो, परंतु'. आन तिथं पान फाटलंय. पुढं काय ते कोनालाच माहीत न्हाई. सर म्हनत्यात तिथं पूर्णविराम देऊन टाका, परीक्षेत कोन विचारतंय.

टाइप करताना मला दादाच दिसायचे. म्हनून त्यो उतारा मला आवडायला लागला.

आता मयताचं. ऑगस्ट महिन्यात एका सकाळी मायनं मला कटिंगला धाडलं. आश्रुबाच्या दुकानात रेडिओ चालू व्हता. मी खुर्चीत बसलो, त्यानं चादर बांधली, केस कापायची मशीन हातात घेतली, आन तेवढ्यात बातमी लागली की अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राजीनामा द्यायलाय. दुकानात एकच कल्ला. बाकावर बसलेला एक मिशीवाला म्हनला, काहीतरीच, त्याच्याकडं फौज हाय, त्यो कशाला जाईल, उलट बाकीच्यांना घालवील. आश्रुबा म्हनला, फौज हाय पन पगार कोन देतंय? मिशीवाला म्हनला, पगारबी त्योच देतो. तिसरा म्हनला, त्यानं म्हनं आपल्याच कचेरीतलं बोलनं टेपवर भरून ठेवलं व्हतं, आन मोठ्या कोर्टानं सांगितलं की त्या टेपा हवाली कर, तिथंच फसला. (मला त्या मान्साची लय कीव आली. मी त्याच्या जागी असतो तर टेपा कोऱ्या निघाल्या असत्या.)

मला सगळं माहीत व्हतं, आक्का. फौज कोनाची, पैका कोनाचा, काढायचं कसं, सगळं बोटात व्हतं. चादरीच्या आत मी मांडीवर टाइप करायलो व्हतो. पन तोंडातून काही निघंना. आन आश्रुबाचं काय झालं, त्यो भांडताना हातबी चालवायला लागला. फौजेच्या मुद्द्याला त्यानं डाव्या कानावरून मशीन फिरवली, पगाराच्या मुद्द्याला उजव्या. दर थोड्या येळानं मला विचारायचा, अजून बारीक? मी काहीच बोलंना, मग त्यो आपल्या मनानं अजून बारीक करायचा. मला म्हनायचं व्हतं 'बास', आन मिशीवाल्याला म्हनायचं व्हतं 'दोनतृतीयांश', आन दोन्ही शब्द घशात एकमेकांना आडवे आले. राष्ट्राध्यक्ष जायलाय हे मिशीवाल्यानं कबूल करेपस्तोर माझं डोस्कं तुळतुळीत झालं व्हतं. चादर सोडल्यावर आश्रुबा मलाच म्हनला, आरं, घरी काही झालं का? मी मान खाली घातली. आता खाली घातलेल्या मानेचा कोन काय अर्थ काढील ते माझ्या हातात व्हय का.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. शेजारची सुलाबाई पदराखाली टोपलं झाकून आली, टोपल्यात पिठलं आन भाकरी. मयताच्या घरी चूल पेटवत न्हाईत म्हनून शेजारनीनं आनायचं असतं तसं. ती दारातच रडायला लागली. मायनं बघितलं, सुलाबाई रडायलीय, टोपलं आनलंय, म्हंजे आपल्या घरातलं कोनीतरी गेलंय आन ते आपल्याला अजून कोनी सांगितलेलं न्हाई. तीबी रडायला लागली. आत्या परसातून आली, दोघी रडताना बघितल्या, तिनं तर सगळ्यात मोठा आवाज काढला (तिला विचारायची सवय न्हाई). तिघी एकमेकींच्या गळ्यात. कोन गेलं ते तिघींपैकी एकीलाबी माहीत नव्हतं. मग मी दारात आलो, असं डोस्कं घेऊन. तिघींनी माझ्याकडं बघितलं आन फिरून सुरू. थोड्या येळानं सुलाबाईनं डोळे पुसून विचारलं, कुसुम कशानं गेली गं?

मायनं माझं डोस्कं दोन्ही हातांनी धरलं. गल्लीत असं झालं व्हतं की सटवाजीनं लेकीचं नाव टाकलंय, घरात नाव काढू देत न्हाई, आता पोराचं डोस्कं केलंय, म्हंजे एकतर लेक गेली, न्हाईतर जिवंतपनीच तिच्या नावाचं सुतक पाळलं. मला सांगता आलं असतं. तीन शब्दांचं काम व्हतं, आश्रुबानं चुकून केलं. मी तोंड उघडलं, मिटलं. आन तेवढ्यात दादा आले. त्यांना कचेरीतच कोनीतरी म्हनलं व्हतं, सटवाजी, वाईट झालं, घरी जा. ते उन्हात पळत आले व्हते. आक्का, दादांना पळताना मी आजवर कधी बघितलं न्हाई. हुकूम नेतानाबी ते चालतच जात्यात. उंबऱ्यातच थांबले, पायातल्या वहानासगट, आन म्हनले, "कुसुम?"

नुसतं तेवढंच. पन एवढ्या मोठ्यानं, की शेळी उठून उभी राहिली.

मग उलगडा झाला. कसा झाला ते विचारू नको, मी आश्रुबाच्या दुकानाकडं बोट दाखवलं, कोनीतरी जाऊन आश्रुबाला आनलं, त्यो येताना मिशीवाल्यालाबी साक्षीला घेऊन आला. सुलाबाई लाजून टोपलं परत न्यायला लागली. आत्या म्हनली, ठेव, आन्नाचा काय दोष. आमी ते पिठलं खाल्लं. चांगलं झालं व्हतं. दादा जेवले न्हाईत. ते वहाना न काढता वसरीवर बसून राहिले.

त्या दिवसापासून आत्यानं त्यांना धरलं. तुमचाच हुकूम तुमीच मोडला, नाव निघालं घरात, सगळ्यांनी ऐकलं, शेळीनंबी ऐकलं. दादा म्हनले, हुकूम काढनाऱ्याला त्यो मोडता येतो. आत्या म्हनली, मग त्या अमेरिकेच्याला का घालिवलं? दादा कचेरीतले मानूस, त्यांना कायद्याचं बोललेलं मनाला लागतं. त्यांचं म्हननं हाय की बाबासाहेबांनी आपल्याला घटना दिली ती मनाला येईल तसं वागायला न्हाई. महिनाभर ते इचार करायले व्हते. मग सप्टेंबरात बातमी आली की तिकडच्या नव्या राष्ट्राध्यक्षानं जुन्याला माफी देऊन टाकली. आत्या शेळीला म्हनली, बघ गं, एवढ्या मोठ्या मुलखाचा कारभार, तिथं महिन्यात माफी मिळाली. दादा जेवताना म्हनले, हुकूम मोडायचा तर घरातल्या तीन वाट्यांतल्या दोन वाट्यांचे हात वर पाहिजेत, घ्या म्हनं सभा. पन रीतसर.

रीतसर म्हंजे काय ते मला सोसावं लागलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सतरंजी आंथरली. ठराव त्यांच्या हुकुमाच्या विरोधात, आन अध्यक्षबी तेच, कारन दुसऱ्या कोनाला सभा चालवता येत न्हाई. आत्या भाकरी घेऊन बसली व्हती, चार मान्सांचे तीन वाटे कसे करायचे ते बघायला. भाकरीचे तुकडे मांडून मांडून ती म्हनली की दोन वाट्यात अडीच मान्सं आन वर एक तुकडा येतो, त्यो तुकडा कोनाचा? मायचं वेगळंच. ती पदर सावरून दादांना म्हनली, तुमच्या विरोधात हात वर करावं म्हनायलेय, करू का? दादा म्हनले, ते विचारून करायचं नसतं. माय म्हनली, न विचारता आजवर काय केलंय, आज कसं करू? दादा म्हनले, बरं, कर. (हे कुठल्याच उताऱ्यात न्हाई.)

मग दादा म्हनले, सूचकानं उभं राहून ठराव मांडावा. सूचक मी व्हतो, आत्यानं परस्पर ठरवलं व्हतं. मी उभा राहिलो. डोस्क्यावर काट्यावानी केस उगवलेले, ते सगळे उभे. मला म्हनायचं व्हतं, आक्काला घरी बोलवा, मला करमत न्हाई. हे मी रात्रभर घोकलं व्हतं. तोंड उघडलं आन निघालं काय, तर 'अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हा राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुख असून'. मला थांबताबी येईना. बोटं चालल्यासारखी जीभ चालायला लागली, वळ संपली की मी घंटीसाठी थांबायचो आन पुढची वळ घ्यायचो. सेनादलं झाली, खजिना झाला, नेमनुका झाल्या, नकाराधिकार झाला, दोनतृतीयांश आलं तवा आत्यानं भाकरीवरून हात फिरवला. माय तोंडाला पदर लावून ऐकायली व्हती. दादांनी मला एकदाबी अडवलं न्हाई. मी जल्मात त्यांच्यापुढं एवढं बोललो नव्हतो. एरवी ते दाराकडं बघून बोलत्यात, त्या दिवशी माझ्याकडं बघायले व्हते. मी शेवटच्या वळीला आलो. राष्ट्राध्यक्ष गुन्हेगारास माफी देऊ शकतो, परंतु. आन थांबलो.

मग दादांनी विचारलं, "परंतु काय?"

मी म्हनलो, "फाटलंय."

आत्या लगेच म्हनली, त्यात काय आवघड हाय, परंतु बायकोला विचारून. दादांनी तिच्याकडं बघितलं न्हाई. माय खाली बघून सतरंजीचा दोरा ओढायली व्हती. ती हळूच म्हनली, "परंतु उशीर करू न्हाई, असं आसल."

दादा उठले, कोनाड्यातून चष्मा घेतला, डोळ्याला लावला, वाचायला काहीच नसताना. मग कचेरीत हजेरी घेत्यात त्या आवाजात म्हनले, हात वर करायच्या आधी सदस्य मोजावे लागत्यात. त्यांनी आमच्याकडं एकेकाकडं बोट केलं. मग म्हनले, "एकून सदस्य पाच. हजर चार. एक गैरहजर."

आत्याच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

दादा पुढं म्हनले की ज्या सदस्याबद्दल ठराव हाय त्या सदस्याला नोटीस गेलेली न्हाई, नोटिसीबिगर घेतलेली सभा कायद्यात बसत न्हाई, म्हनून सभा तहकूब. गैरहजर सदस्याला नोटीस द्यावी, सदस्य हजर झाल्यावर सभा फिरून घेन्यात येईल. आन माझ्याकडं वळून म्हनले, तू टायपिंग शिकायलास ना, मग नोटीस टाइप कर. एवढं बोलून ते शेळीला पाला घालायला गेले. आजवर त्यांनी शेळीला पाला घातलेला न्हाई, तिला कळंना आता काय करावं.

तर आक्का, ही नोटीस हाय. नोटिशीत काय काय लिहायचं असतं ते मला माहीत न्हाई, म्हनून सगळंच लिहिलं. पुढची सभा दसऱ्याला, धम्मचक्र दिनाला ठेवलीय. त्या दिवशी कचेरी बंद असती. ठराव कसा व्हईल म्हनशील तर मी हिशोब करून बघितला, माय विचारून हात वर करील, आत्या दोन्ही करील, माझा मी आत्ताच टाइप करून ठेवतो: वर. आन दादा हल्ली सांजच्याला येष्टी स्टॅंडवर जायलेत. म्हनत्यात, घड्याळ मिळवायला जातो. घड्याळ तर तू गेल्यापासून बंद हाय, ते घरीच खिळ्याला हाय. औरंगाबादची गाडी रिकामी झाली की परत येत्यात.

मोठ्यांना नमस्कार, बरोबरच्या पोरींना जयभीम. चुकलं आसल ते ठ सारखं बोटानं खाली बसवून घे.

तुझा भाऊ,
पंडित सटवाजी
(टायपिंग शिकाऊ)

ता. क. १. खरं काम वर लिहायला लाज वाटली. राष्ट्राध्यक्ष, ठराव, दोनतृतीयांश, हे सगळं राहिलं तरी चालंल. माझे केस आता फिरून वाढायल्यात. आश्रुबा रोज मला खुनावून बोलावतो, मी दुकानापुढून जायचं टाळायलोय, गल्लीच्या मागून जातो, तिकडं कुत्री हायेत. तू ये, एकदा त्याच्या दारात उभी राहा, आन सांग, कानावरून बारीक, वरून जरा ठेव. मग पाहिजे तर परत जा.

ता. क. २. पाकिटावरचा पत्ता टाइप करनार व्हतो, पन मला तुझ्या होस्टेलाचा पत्ता येतच नव्हता, मायलाबी नव्हता, मामाला विचारायचं म्हनलो तर कसं विचारू. पाकीट पुढं ठेवून बसलो व्हतो. दादांनी ते वढून घेतलं आन कुठं न बघता, न थांबता सगळा पत्ता लिहिला, खोली नंबरासगट. म्हनून पाकिटावरचं अक्षर माझं न्हाई. बघून ठेव.

ता. क. ३. सांगायचं राहिलं, आश्रुबाच्या दुकानातला रेडिओ काल माकडानं पळवला. लिंबाच्या शेंड्याला जाऊन बसलंय, रेडिओ चालूच हाय. आश्रुबा खाली खुर्ची टाकून बसलाय आन आख्खं गाव लिंबाखाली बातम्या ऐकायलंय.